पंखा : आहे

तुम्ही चांगुणाबाईच्या घरात पंखा पाहिला आणि कागदावर 'आहे' असं लिहिलंत. पंखा कुणाचा, हे विचारलं नाहीत. त्या एका शब्दानं सत्तरीच्या बाईचं धान्य तोडलंत, आणि तोडण्याआधी तिच्या हातचा चहा पिऊन गेलात.

पंखा माझा आहे. टेबलफॅन, हिरव्या पात्यांचा, जाळीला एका बाजूला पोचा आलेला. माझ्या मेव्हण्यानं राहात्याहून आणून लग्नात आंदण दिलेला. बुडाला पेंटनं यशोधराचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नाव लिहिलंय. उचलून पाहिला असतात तर दिसलं असतं. उचलून पाहायची तुमच्यावर सक्ती नव्हती, हे मला मान्य आहे.

राग आहे, तो बाजूला ठेवतो. झालं ते क्रमानं सांगतो, कारण तुमच्या दप्तरात ते क्रमानं लागलेलं नाही.

आमची वाडी तिसगावच्या बाजारापासून पायी तासाभरावर. खडकाळ रान, एका पावसाची बाजरी. दसरा झाला की निम्मं गाव ट्रकात बसून ऊस तोडायला जातं, ते उन्हाळ्यात परत येतं. मागं राहतात म्हातारी माणसं, कोंबड्या, आणि ज्यांचं पोट दुसऱ्या कशावर चालतं असे माझ्यासारखे एखाद-दोघं. माझं तिसगावच्या स्टँडजवळ सायकलींच्या पंक्चरवर चालतं.

चांगुणाबाईचं घर माझ्या घरापासून चौथं. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली. एक मुलगा जालिंदर, सून जयमाला. दोघं दरवर्षी कोयते घेऊन देवळाली प्रवराकडं जातात. जालिंदरचं रेशनकार्ड वेगळं, तिचं वेगळं. चूलही वेगळी. भांडण नाही. खोली एवढीशी, म्हणून. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बाई एकटी. गुडघे गेलेत, त्यामुळं कुणाच्या शेतात खुरपायला बसता येत नाही. त्या सहा-सात महिन्यांत तिच्या चुलीवर जे शिजतं ते रेशनचं. रेशन आलं तर चूल पेटते, नाही आलं तर नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये कोतवालानं सांगितलं की गरिबीची पाहणी आहे. तालुक्याहून साहेब येणार, घरोघर जाणार, घरात बसून माहिती भरणार. जो खरा गरीब त्याला पुढं पिवळं कार्ड मिळणार, त्यावर स्वस्त धान्य. बाकीच्यांना केशरी, त्यावर नुसता रंग.

'घरात बसून' हे शब्द वस्तीत तीन दिवस फिरत होते.

तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं साहेब कधी आलेच नाहीत असं नाही. दुष्काळात आले, रोजगार हमीच्या वेळी आले. आले की ओढ्याच्या अलीकडं उभे राहायचे आणि नावं पुकारायचे, मग आम्ही तिकडं जायचो. त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या वरच्या आळीतून यायचा. छपन्न साली आमच्या माणसांनी धर्म बदलला, पण ओढा होता तिथंच राहिला. चांगुणाबाईनं हे लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली.

"महिंदर, सायेब घरात बसनार हाय म्हनं."

"व्हय नानी, तसंच सांगितलंय."

"मग बसवायचं कशावर? माझ्याकडं पोतं हाय. पोत्यावर बसवू का सायबाला?"

"बसंल की. गरिबीच बघाया येतोय त्यो."

"गरिबी बघाया आला म्हनून काय घरची अब्रू काढून दाखवायची व्हय रं? पाव्हना हाय. पयल्यांदा कोनतरी उंबरा वलांडनार हाय. इहारातली खुर्ची आन."

यशोधरा आतून म्हणाली, "नानी, कपबश्या माझ्या न्या. फुलाच्या. लग्नात आल्यात, आजून कुनी तोंड लावल्यालं न्हाई त्यास्नी."

"त्येच मागाया आल्ते. पन म्हनलं, ही बया देती का न्हाई."

"फुटली तर भरून द्यावी लागंल."

"फुटली तर मलाच इकून घी."

"तुमाला कोन घेतंय इकत!"

दोघी हसल्या. शेजारच्या भीमाबाईनं शेळीचं दूध देऊ केलं होतं. 'सायबाला वास यील,' म्हणून चांगुणाबाईनं ते परत केलं आणि वरच्या आळीत जाऊन म्हशीचं पावशेर आणलं. साखर तिनं महिन्याच्या रेशनातली मागं ठेवलेली होती.

जाता जाता ती वळली. "आन महिंदर, तुझा त्यो वाऱ्याचा पंखा दी. दोन घटकंसाठी. सायबाला घाम यील."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. खरं सांगतो, मलाही वाटलं की आमच्या वस्तीत साहेब बसणारच आहे तर वाऱ्याखाली बसावा. मी पंखा डोक्यावर घेऊन गेलो. तिच्या घरात दिव्याचा एकच पॉइंट. बल्ब काढून तिथं पिन बसवली, वायर खाली सोडली, पंखा फळीवर ठेवला आणि फिरवून पाहिला. चांगुणाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर उडाला, पांढरे केस उडाले.

"थांबीव, थांबीव," ती म्हणाली. "सायेब यायच्या आदीच वारा सरंल."

तुम्ही साडेबाराला आलात. बाराला लाइट गेली होती.

तुम्ही चपला दाराबाहेर काढल्यात, हे मी पाहिलं. विहाराच्या खुर्चीवर बसलात. मांडीवर कागदांचा गठ्ठा, खिशाला दोन पेनं. चांगुणाबाईनं पाण्याचा पेला पुढं केला. दारात आम्ही पंधरा-सोळा जण उभे होतो आणि सगळे तुमच्या हाताकडं बघत होतो. तुम्हाला ते कळलं नसणार. तुम्ही पेला घेतलात, तोंड लावलंत आणि सगळं पाणी संपवलंत. भीमाबाईनं मागून माझ्या पाठीत कोपर मारलं.

मग तुम्ही विचारायला सुरुवात केलीत.

"जमीन?"

"न्हाई, सायेब."

"घर कुडाचं?"

"कुडाचंच. वरचे पत्रे लेकानं टाकलेत."

"मुलगा काय करतो?"

"तोडनीला हाय. त्याचं कार्ड येगळं."

"वय?"

"माझं? तुमीच लिवा. तुमाला बरं दिसंल त्ये."

तुम्ही हसलात. "सत्तर लिहू?"

"लिवा. न्हाईतर पासष्ट लिवा, आजून लग्नाला उभी ऱ्हाईन."

सगळे हसले. चहा आला. तुम्ही आधी बशीत ओतून प्यायलात, मग कपातला उरलेला. "आलं घातलंय का?" असंही विचारलंत. तुमच्या कपाळावरून घाम गळत होता. फळीवर माझा पंखा मुकाट उभा. चांगुणाबाईनं कोपऱ्यातलं सूप उचललं आणि तुम्हाला वारा घालायला लागली. एक हात कमरेवर, एका हातात सूप. "राहू द्या आजी," असं तुम्ही म्हणालात. ती थांबली नाही. ती वारा घालत असतानाच तुम्ही मान वर करून फळीकडं पाहिलंत, आणि मान खाली घालून काहीतरी लिहिलंत.

नंतर तुम्ही माझ्याकडं आलात. माझ्याकडं तुम्ही गोणपाटावर बसलात. पंखा नव्हता, तो चार दारं पलीकडं होता. कपबश्या नव्हत्या, त्याही तिकडंच. यशोधरानं तुम्हाला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. तुम्ही नुकताच प्यायला होतात, म्हणून अर्धा ठेवलात. माझ्या तिन्ही मुली ओळीनं भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही लपवलं नाही. तुम्ही विचारलंत त्याची उत्तरं दिली. पंख्याचं तुम्ही मलाही विचारलं नाहीत. इकडं तिकडं पाहून लिहिलंत.

तुम्ही गेल्यावर यशोधराच्या पाच कपबश्या परत आल्या. सहावी आली नाही. ती चांगुणाबाईनं धुऊन फळीवर ठेवली.

"सायेब प्यालाय त्यातनं," ती यशोधराला म्हणाली. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

आमच्या माणसांसाठी वेगळा कप ठेवायची रीत तुम्हाला माहीत असेल. पाहिली नसेल तर ऐकली असेल. तो कप वळचणीला असतो, पालथा. चांगुणाबाईनं तुमच्यासाठी वेगळा कप ठेवला. तो फळीवर, सरळ, वर फडकं घालून.

चौदा एप्रिलला जयंतीसाठी कडूबाई आली. ही चांगुणाबाईची धाकटी बहीण. नगरला स्टेशनजवळच्या झोपडपट्टीत राहते, मंगल कार्यालयात भांडी घासते. ती पण साठीच्या पुढची, ती पण एकटी, ती पण रेशनवर. पाहणी तिच्याकडंही झाली होती. चांगुणाबाईनं तिला आपल्याकडचं सगळं रंगवून सांगितलं. खुर्ची, फुलाचे कप, पंखा. कडूबाईनं कपाळाला हात लावला.

"आगं अक्का, पंखा लावला? येड लागलं का काय तुला? आमच्याकडं मानूस आला तवा मी भिंतीवरचं घड्याळ काढून पिठाच्या डब्यात घातलं. त्ये मेलं तासाला वाजतंय, म्हनून वर आजून चार शेर पीठ वतलं. शेजारनीनं टीवी खाटंखाली सारला आन वर सासऱ्याला निजवला. म्हाताऱ्याला काय सांगितल्यालं न्हाई. त्यो रडाया लागला. त्याला वाटलं आपलंच आटपलं."

भीमाबाई हसून हसून खोकायला लागली. चांगुणाबाई हसली नाही.

"आन चा?" तिनं विचारलं.

"कसला चा? त्यो दाराच्या आत तरी आला का? नाकाला रुमाल लावून भाईरच उभा. नाव इचारलं, वाकून आत बघितलं, चालला. आसल्याला चा कोन इचारतंय?"

"माझ्याकडं आला. बसला. बशीतला सुदिक पिला."

"मग आता त्याच बशीत गहू घी."

मी तिथंच बसलो होतो. म्हणालो, "नानी, मी उद्या जाऊन सांगतो. पंखा माझा हाय म्हनून."

"काय सांगनार? म्हातारीनं मागून आनल्यालं दाखवलं? सायबाला फशीवलं?" ती चिडली. "जायचं न्हाई. त्यो मानूस चांगला हाय. माझ्याकडं काय हाय आन काय न्हाई त्ये त्याला दिसलं असंल. डोळं हायत त्याला."

मी गेलो नाही. यात माझी चूक आहे, ती लिहून ठेवतो. तेव्हाच गेलो असतो तर कदाचित वेळ होता.

नव्याण्णवच्या जूनमध्ये कार्डं आली. चांगुणाबाईचं केशरी.

माझं पिवळं. कडूबाईचंही नगरला पिवळं आलं. तिला ते मिळायलाच हवं होतं, आणि त्यासाठी तिला घड्याळ पिठात पुरावं लागलं.

रेशनचं दुकान वरच्या आळीत, काकासाहेबाचं. माणूस तोंडाचा फटकळ, पण मापात मारत नाही. मी आणि चांगुणाबाई एकाच दिवशी रांगेत होतो. मी दोन्ही कार्डं त्याच्यापुढं टाकली.

"काकासाहेब, अदलाबदल झालीय."

त्यानं दोन्ही उघडली. "नावं वाच. तुजं तुज्यावर हाय, तिचं तिच्यावर."

"आवो, पन हिच्याकडं काय हाय? तुमाला म्हाईत न्हाई का?"

"मला समद्या गावाचं म्हाईत हाय. पन मी कार्डाचा रंग बघतो, मानसाचा न्हाई. केशरीला ह्या महिन्यात काय आल्यालं न्हाई. आलं तरी त्या भावानं तिसगावच्या बाजारात मिळतं, त्येबी निवडल्यालं."

चांगुणाबाई पिशवीची घडी काखेत धरून उभी होती. "काकासायेब," ती म्हणाली, "ह्यो रंग उनात उडतो का वो?"

"का?"

"उडून पिवळा हुतो का, म्हनून इचारलं."

रांग हसली. काकासाहेबही हसला. मग त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या संध्याकाळी मी माझं धान्य तिच्या दारात नेऊन ठेवलं. गहू आणि तांदूळ, कार्डावर मिळालेलं सगळं.

"उचल," ती म्हणाली. "तुज्या तीन पोरींच्या तोंडचं मी खाऊ व्हय?"

"ह्ये तुमचंच हाय. नाव तेवढं माझं."

"मला भीक नको, बाबा."

भीमाबाई तिच्या दारातून ओरडली, "घी गं मुकाट्यानं! पंख्यानं न्हेलं, पंख्यावाला भरून देतोय. भीक कशाची?"

तिनं घेतलं. जुलैतही घेतलं. माझं पंक्चरवर भागत होतं. ओढाताण होती, पण भागत होतं. यशोधरा एकदाही बोलली नाही. म्हणजे चूक तुमची होती, पण आम्ही ती आपसात निस्तरली होती. मी इथंच थांबलो असतो तर चांगुणाबाई आज तिच्या घरात असती.

थांबलो नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं दुकानात बसून, हाताला लागेल तो छापील कागद वाचून शिकलो. त्यामुळं कागदावर माझा विश्वास बसलेला. वाटलं, खरं काय ते एकदा कागदावर आलं की झालं. ऑगस्टमध्ये दुकान बंद ठेवून मी तालुक्याला तुमच्या कचेरीत आलो. चांगुणाबाईला सांगितलं नाही.

तुम्ही मला ओळखलंत. खुर्ची दिलीत. तुमच्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून तुम्ही त्यांवर दगड ठेवले होते.

"या. ओढ्याकाठची वस्ती ना तुमची? त्या आजींचा चहा फार चांगला होता. आलं घातलेला."

"साहेब, त्यांचंच बोलायला आलोय. त्यांच्या घरातला पंखा माझा हाय."

मी सगळं सांगितलं. तुम्ही मध्ये तोडलं नाहीत, शेवटपर्यंत ऐकलंत. मग शिपायाला सांगून दप्तर मागवलंत, तिचा फॉर्म काढलात आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. विजेचा पंखा : आहे.

"मी आलो त्या दिवशी त्या घरात पंखा होता की नव्हता?"

"होता. पन लाइट नव्हती."

"लाइटचा रकाना वेगळा. पंखा होता ना?"

"होता."

"मग मी चुकीचं काय लिहिलं?"

याचं उत्तर मला अजूनही दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे एवढं लांबलंय.

"माझं नाव काढा आन तिचं घाला," मी म्हणालो. "माप तेवढंच ऱ्हातं."

"तसं बदलता येत नाही. त्यात आता निवडणुकीची आचारसंहिता. असं करा, पंखा तुमच्या मालकीचा आहे असं लेखी द्या. मग बघू."

मी तिथंच बाकावर बसून लिहिलं. पंखा माझ्या मालकीचा असून पाहणीच्या दिवशी तो चांगुणाबाई यांना दोन तासांकरता वापरण्यास दिला होता. त्यांच्या घरात पंखा नाही. माझ्या घरात आहे. तरी त्यांना पिवळे कार्ड मिळावे. खाली सही केली. तुम्ही शिक्का मारून घेतलात. शिक्का बसला तेव्हा मला बरं वाटलं. येताना मी चांगुणाबाईसाठी पावशेर साखर घेतली.

सप्टेंबरात काकासाहेबानं माझं कार्ड उघडलं आणि मिटलं.

"महिंदर, तुज्या नावावर रेघ आली."

"आन नानीचं नाव?"

त्यानं यादी दोनदा पाहिली. "न्हाई."

मी परत कचेरीत आलो. तुम्ही निवडणुकीच्या कामाला गेला होतात. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं समजावून सांगितलं. नाव कमी करायला आचारसंहिता आड येत नाही. वाढवायला येते. मी ज्या अर्जानं तिचं नाव वाढवा म्हणालो होतो, त्याच अर्जात माझ्याकडं पंखा असल्याची कबुली होती. कबुलीवर कारवाई झाली. मागणी प्रलंबित. निवडणूक संपल्यावर तिसऱ्यांदा आलो, तेव्हा त्यानंच सांगितलं की यादी बंद झालीय, पुढची पाहणी होईल तेव्हा या. कधी होईल, ते त्याला माहीत नव्हतं.

आता दोन्ही घरांत धान्य नाही. माझ्या घरी पंखा आहे, एवढा फरक.

चांगुणाबाईला सांगावंच लागलं. ती दारात बाजरी निवडत बसली होती, भीमाबाईनं दिलेली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या घालेल.

"मी नगं म्हनलं हुतं," ती म्हणाली. थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग विचारलं, "सायेब भेटला?"

"भेटला."

"बरा हाय?"

"बरा हाय. तुमच्या चाची याद काढली."

हात थांबला. "काय म्हनला?"

"आलं घातल्यालं म्हनला."

"बघ," ती म्हणाली. "दीड वरीस झालं. ध्यानात हाय त्याच्या."

दसऱ्यानंतर ट्रक आला. जालिंदरनं आईला विचारलं नाही, तिची वाकळ गुंडाळून गाडीत टाकली. "हितं काय खाशील?" एवढंच म्हणाला. सत्तर वर्षांची बाई, जिचे गुडघे वाकत नाहीत, ती दोघांनी खालून हात देऊन, दोघांनी वरून ओढून ट्रकात चढली. जयमालानं तिला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जागा करून दिली.

भीमाबाई खाली उभी होती. "म्हातारे, आता कोयता धरतीस व्हय?"

"कोयता कशाला? कोपी राखीन, वाढं बांधीन. तू हितं येकली काय करशील त्ये बघ. भांडायला कोन ऱ्हायलं न्हाई तुला."

"तू ये म्हंजी झालं."

"न यीन तर जाते कुठं!"

ट्रक सुरू झाला तेव्हा तिनं मला हात करून जवळ बोलावलं आणि कमरेची किल्ली काढून दिली.

"फळीवर कप हाय. सायेब पुन्यांदा आलाच पाहनीला, तर कुलूप काढ, त्याच कपात चा दी. आलं घाल."

"बरं, नानी."

"आन महिंदर, पंखा मातर लावू नगंस."

डिसेंबरात मी देवळाली प्रवराला जाऊन आलो. उसाच्या फडाशेजारी तीसेक कोप्या आहेत, पाचटाच्या झोपड्या. आत जायला कंबरेत वाकावं लागतं, तिला ओणवं होऊन जावं लागतं. पहाटे जालिंदर आणि जयमाला फडात जातात, ती मागून जाते. उसाचे शेंडे तुटून पडतात त्याला वाढं म्हणतात, ते जनावरांना घालतात. ती बसून त्याच्या पेंढ्या बांधते. पानांना धार असते. तिच्या दोन्ही हातांना चिरा आहेत, त्यांत हळद भरलेली. पेंढ्या विकून येईल त्यात तिघांचं पीठ येतं. तिथल्या रेशन दुकानात तिचं कार्ड चालत नाही, कारण कार्ड आमच्या वाडीचं. आमच्या वाडीतही चालत नाही, कारण केशरी. मी गेलो तेव्हा तिनं मला चहा केला, दुधाशिवायचा, जर्मनच्या वाटीत. सूप तिनं बरोबर आणलंय. चुलीला वारा घालायला लागतं.

मी पहिला अर्ज केला तो एका पानाचा होता. त्यावर तुम्ही महिन्याच्या आत कारवाई केलीत. हा दुसरा आहे. यात मी धान्य मागत नाही, ते तुम्ही देणार नाही हे मला कळलंय. पंखा माझ्या घरी आहे, पिन काढून ठेवलेला. कप तिच्या घरी आहे, किल्ली माझ्याकडं. पाहणीला याल तेव्हा दोन्ही तपासून घ्या.

तुम्ही तिला जमीन विचारलीत, तिनं न्हाई म्हणून सांगितलं. घर विचारलंत, पत्रे लेकानं टाकले तेही सांगितलं, न विचारता. वय विचारलंत, तुमच्या मर्जीवर सोडलं. ती तुमच्याशी एक शब्द खोटं बोलली नाही. पंखा कुणाचा, असं विचारलं असतंत तर 'महिंदरचा' म्हणाली असती, आणि मला दारातून हाक मारली असती. मी तिथंच उभा होतो, तुमच्यापासून चार हातांवर. पाणी प्यायला तुम्हाला वेळ होता. चहात आलं आहे का, हे विचारायला वेळ होता. पंखा तेवढा तुम्ही विचारला नाहीत, पाहून लिहिलात.

का? लेखी उत्तर द्या.